मिठवणी, वीज आणि पटल : जलशुद्धीचे रसायन गावातच निर्माण करण्याविषयी

पाणी शुद्ध करण्याच्या क्रियेला मराठीत एक जुने व अर्थपूर्ण क्रियापद आहे, ते म्हणजे ‘निवळणे’. गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरविला किंवा निवळीचे बी उगाळून मिसळले की गाळ तळाशी बसतो व वर नितळ पाणी राहते. निवळीला तर नावच तिच्या कामावरून मिळाले आहे. संस्कृतात तिला ‘कतक’ म्हणतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तिचा एक मार्मिक उल्लेख आहे. कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते हे खरे, परंतु त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असा त्या श्लोकाचा आशय आहे. शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांनी तो नेहमी ध्यानात ठेवावा असा आहे, आणि प्रस्तुत विषयात तर त्याचा विशेष उपयोग होणार आहे.

निवळणे, नितळ, गढूळ, गाळ हे सारे शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचे आहेत. पटकीचे जंतू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. रॉबर्ट कोख याने १८८४ साली कलकत्त्यातील एका तलावाच्या पाण्यात ते दाखवून दिले, तेव्हापासून नितळ पाणी आणि निर्धोक पाणी या दोन भिन्न वस्तू आहेत हे शास्त्राने मान्य केले. भाषेने मात्र हा भेद अजून पुरता पचविलेला नाही. ‘निर्जंतुकीकरण’ हा शब्द सरकारी पत्रकांत आला, पण बोलण्यात उतरला नाही. खेड्यात ‘विहिरीत औषध टाकले’ किंवा नुसते ‘पावडर टाकली’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र हा असल्यामुळे या ‘पावडर’ शब्दापासूनच आरंभ करणे त्याला सोयीचे वाटते. मात्र लेखाचा विषय शब्द हा नसून ते औषध गावातच कसे तयार करता येते हा आहे, हे प्रथमच सांगितलेले बरे.

ग्रामपंचायतीच्या कोठीत पोत्यातून येणाऱ्या या चूर्णाला सर्वत्र ‘टीसीएल’ म्हणतात. ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’ या नावाची ही आद्याक्षरे होत. विरविलेल्या चुन्यात क्लोरीन वायू मुरविला म्हणजे हे चूर्ण तयार होते. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने १७९९ साली त्याचा एकाधिकार मिळविला, तो पाण्यासाठी नव्हे तर कापड पांढरे करण्यासाठी. शालेय पुस्तकांतील ‘विरंजक चूर्ण’ हे नाव त्याच जुन्या उपयोगाची खूण आहे. अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराला १९०८ साली याच चूर्णाने शुद्ध केलेले पाणी नित्य पुरविले जाऊ लागले आणि त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. नावातील ‘ट्रॉपिकल’ म्हणजे उष्ण प्रदेशासाठी तयार केलेले, ज्यात अधिक चुना घालून ते टिकाऊ केले आहे असे. हे विशेषण आद्याक्षरांत लपून गेले, आणि त्याबरोबरच त्याने दिलेली सूचनाही लपली. सूचना अशी की, हे चूर्ण उष्णतेत व दमट हवेत आपला गुण गमावते.

गुण गमावणे म्हणजे नेमके काय? चूर्णाच्या वजनातील जो भाग जंतू मारण्याच्या कामी येतो त्याला ‘उपलब्ध क्लोरीन’ म्हणतात. उत्तम ताज्या चूर्णात तो शेकडा ३३ च्या आसपास असतो. पोते उघडे राहिले, उन्हाळ्यात पत्र्याखाली तापले, पावसाळ्यात ओल लागली की तो घटत जातो. वीस टक्क्यांखाली उतरलेले चूर्ण आरोग्य खाते निकृष्ट ठरविते. परंतु पोत्याचे वजन घटत नाही, रंग फारसा बदलत नाही, वासही पुष्कळसा तसाच राहतो. ज्या जलसुरक्षकाला ‘इतक्या पाण्याला इतके ग्रॅम पावडर’ एवढेच सांगितलेले असते, तो आपले काम चोख करूनही गावाला अर्धे औषध पाजत असतो. त्याच्या भाषेत वजनाला शब्द आहे, तेजाला शब्द नाही. गॅस्ट्रोची साथ आली म्हणजे ‘पावडर टाकली होती’ असे उत्तर मिळते, व ते खरेही असते. औषधाचे नाव घेतले गेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

परतूर हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १९८१ साली हा जिल्हा निर्माण होण्यापूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर ते वसले असून दुधना नदीच्या खोऱ्यात मोडते. या नदीवर सेलू तालुक्यात बांधलेल्या निम्न दुधना धरणाचा फुगवटा परतूर तालुक्यापर्यंत येतो. त्याच पाण्यावर परतूर, मंठा व जालना या तालुक्यांतील गावांसाठी एक मोठी सामूहिक नळयोजना आखली गेली. ती ‘ग्रिड’ या नावाने ओळखली जाते. म्हणजे या एका टापूत दोन प्रकारचे पाणीपुरवठे शेजारी शेजारी आहेत : एकीकडे एका ठिकाणी शुद्ध होऊन लांबवर नळांनी जाणारे पाणी, आणि दुसरीकडे काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरी, कूपनलिका व टंचाईच्या दिवसांत येणारे टँकर. औषध गावातच करावयाचे झाल्यास या दोहोंसाठी उत्तर एकच असेल काय, हा येथे खरा प्रश्न आहे.

मोठ्या शहरांत चूर्णाऐवजी द्रवरूप क्लोरीन वापरतात. तो जाड पोलादी नळकांड्यांत दाबून भरलेला असतो. मोठ्या नळकांड्यात सुमारे ९०० किलो क्लोरीन मावतो. त्याचे तेज कमी होत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु तो विषारी वायू आहे. मुंबईत शिवडी येथे १४ जुलै २०१० रोजी बंदराच्या आवारात पडून राहिलेल्या जुन्या नळकांड्यांतून तो गळाला आणि शंभराहून अधिक माणसांना इस्पितळात न्यावे लागले. जेथे अग्निशामक दल व इस्पितळे जवळ आहेत तेथील ही कथा. दिवसाला पाच-दहा किलो क्लोरीन लागणाऱ्या तालुक्याच्या गावी असे नळकांडे ठेवणे म्हणजे चुलीसाठी दारूगोळ्याचे कोठार बाळगणे होय.

तिसरा मार्ग हा की, क्लोरीन कोठूनही आणावयाचा नाही. आणावयाचे ते मीठ. मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड. त्यातील क्लोरीन सोडिअमशी बांधलेला असतो, म्हणून ते निरुपद्रवी. वर्षभर पोत्यात ठेवले तरी त्याचा गुण जात नाही. पाण्यात विरघळविले, त्यात विजेचे दोन अग्र बुडविले व एकदिश विद्युतप्रवाह सोडला की ही बांधणी सुटते. धनाग्राशी क्लोरीन मुक्त होतो. ऋणाग्राशी पाणी फुटून हायड्रोजन वायू वर येतो व तेथे कॉस्टिक सोडा तयार होतो. या क्रियेला आपण विद्युत अपघटन म्हणतो.

मिठाच्या संपृक्त पाण्यासाठी एखादा परिभाषाकार ‘लवणजल’ वा तत्सम शब्द घडवील. लेखकाला तो अनावश्यक वाटतो. कैऱ्या, आवळे ज्या पाण्यात मुरत ठेवतात त्याला मराठी स्वयंपाकघरात ‘मिठवणी’ हा नेमका शब्द आहे. येथे तोच वापरला आहे.

आता या क्रियेच्या दोन रीती आहेत, व त्यांतील भेद एका पातळ पडद्याचा आहे.

पहिल्या रीतीत दोन्ही अग्रांमध्ये आडकाठी नसते. धनाग्राशी सुटलेला क्लोरीन व ऋणाग्राशी झालेला सोडा तत्काळ एकमेकांत मिसळतात व त्यांचे सोडिअम हायपोक्लोराइट बनते. हेच जंतू मारणारे औषध. परंतु ते तयार होऊ लागताच पुन्हा अग्रांच्या संपर्कात येऊन मोडूही लागते. म्हणून त्याचे प्रमाण लिटरला सात-आठ ग्रॅम क्लोरीनच्या पुढे नेण्यात हशील नसते. मिठाचाही मोठा भाग न फुटता तसाच वाहून जातो. एक किलो क्लोरीनसाठी तीन ते साडेतीन किलो मीठ आणि साडेचार ते साडेपाच युनिट वीज लागते. फार काटकसरीचा प्रकार नव्हे, पण यंत्र साधे असते.

दुसऱ्या रीतीत दोन अग्रांच्या मध्ये एक पटल ताणून बसविलेले असते. ‘पटल’ या शब्दाने येथे थोडा घोटाळा होण्याचा संभव आहे. मराठवाड्यातील कोणत्याही बाजारपेठेत आज थंड पाण्याचे जार विकणारा ‘मेम्ब्रेन बदलला’ असे म्हणतो, तेव्हा त्याला अभिप्रेत असलेले पटल पाणी पलीकडे जाऊ देते व क्षार अडविते. आपल्या यंत्रातील पटलाचे वर्तन याच्या उलट. ते सोडिअमच्या धनभारित आयनांना वाट देते. क्लोराइडचे ऋणभारित आयन मात्र त्यातून जाऊ शकत नाहीत. सोडिअमबरोबर जाईल तेवढेच थोडे पाणी पलीकडे जाते. चाळणीची उपमा पहिल्या पटलाला बरीच लागू पडेल, दुसऱ्याला मुळीच नाही. हा निवाडा छिद्राच्या आकारावरून होत नसून भाराच्या जातीवरून होतो. पटलाच्या द्रव्यातच ऋणभारित गट घट्ट बसविलेले असतात. ते धनभाराला जवळ करतात व ऋणभाराला दूर लोटतात.

याचा परिणाम असा की, एका बाजूला शुद्ध क्लोरीन आणि दुसऱ्या बाजूला मीठविरहित कॉस्टिक सोडा वेगवेगळे मिळतात. मग ते यंत्राच्या बाहेर, आपल्याला हव्या त्या प्रमाणात एकत्र आणून शेकडा बारापर्यंत तेजाचे हायपोक्लोराइट करता येते. एक किलो क्लोरीनला सिद्धांततः १.६५ किलो मीठ पुरते. पटलाच्या रीतीत व्यवहारात पावणेदोन ते दोन किलो लागते, वीज अडीच ते साडेतीन युनिट. क्लोरीन वायू येथे जन्म घेतो खरा, पण साठत नाही. कोणत्याही क्षणी नळीत जेवढा असेल तेवढाच.

अशा पटलाचा शोध सोपा नव्हता. क्लोरीन आणि दाहक सोडा यांच्या मध्ये वर्षानुवर्षे उभे राहील असे द्रव्य १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत वॉल्टर ग्रोट यांनी फ्लोरीनयुक्त बहुवारिकापासून तयार केले. त्याच सुमारास हेन्री बेअर यांनी टिटॅनिअमवर मौल्यवान धातूंच्या ऑक्साइडांचा लेप देऊन न झिजणारे धनाग्र सिद्ध केले. त्यापूर्वी कोळशाचे अग्र वापरीत व ते झिजत जात. परंतु या शोधाला कारखान्यात नेले ते पाऱ्याच्या भीतीने. जुन्या रीतीत ऋणाग्र पाऱ्याचे असे. जपानमध्ये मिनामाता येथील पारदविषबाधेने (तिचे मूळ वेगळ्याच कारखान्यात होते) लोकमत इतके हादरले की, तेथील सरकारने १९७३ साली पाऱ्याची रीत सोडण्याचे ठरविले. १९७५ मध्ये नोबेओका येथे असाही कंपनीचा पटलयुक्त कारखाना सुरू झाला. आपल्याकडेही २००३ च्या सनदेनुसार पाऱ्याचे कारखाने २०१२ पर्यंत पटलाच्या रीतीवर आणावयाचे होते. लेप दिलेले टिटॅनिअमचे अग्र व मिठापासून क्लोरीन काढण्याची संयंत्रे महाराष्ट्राच्या शेजारीच, गोव्यात कुंडई येथे तयार होतात. तेथील ‘टिटॅनॉर कंपोनंट्स’ ही कंपनी पुढे ‘डी नोरा इंडिया’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

आता परतूरसारख्या गावाचा हिशेब मांडून पाहू. चाळीस हजार वस्तीचे गाव कल्पिले व माणशी रोज शंभर लिटर पाणी धरले, तर दिवसाला चाळीस लाख लिटर होतात. लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यावयाचा म्हटल्यास रोज आठ किलो लागेल. ताजे चूर्ण घेतले तर सुमारे २४ किलो, वीस टक्क्यांवर उतरलेले असेल तर ४० किलो. बिनपटलाच्या रीतीने २४ ते २८ किलो मीठ व ३६ ते ४४ युनिट वीज. पटलाच्या रीतीने १४ ते १६ किलो मीठ व २० ते २८ युनिट. म्हणजे एका चांगल्या वस्तीच्या गावाचे दिवसाचे औषध अर्ध्या पोत्याहून फारशा अधिक नसलेल्या मिठात आणि एखाद्या पिठाच्या गिरणीला काही तास पुरेल एवढ्या विजेत होते. हे आकडे इतके लहान आहेत याचे अनेकांना नवल वाटेल. तयार औषधाचे आकारमान मात्र फार वेगळे : पहिल्या रीतीत सुमारे हजार लिटर सौम्य द्रावण, दुसऱ्या रीतीत बारा टक्क्यांचे पासष्ट-सत्तर लिटर.

एवढ्यावरून पटलाची रीत सर्वथा श्रेष्ठ ठरवून कोणी मोकळा होईल. तसे करणे घाईचे होईल, कारण पटल हे अतिशय सोवळे आहे.

दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार पुष्कळ असतात. या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांना पांढरा थर धरतो. बोलीत त्याला ‘जड पाणी’ म्हणतात. पाठ्यपुस्तकांनी ‘दुष्फेन’ हा शब्द घडविला, आणि ‘जड पाणी’ हे नाव अणुशक्तीच्या संदर्भातील निराळ्याच पाण्याला देऊन टाकले. ही देवघेव काही फारशी शहाणपणाची झाली नाही, पण ते असो. मुद्दा असा की, भांड्यावर जो थर बसतो तोच ऋणाग्रावरही बसतो. बिनपटलाच्या यंत्रात तो सौम्य आम्लाने अधूनमधून धुऊन काढता येतो, आणि पाणी आधी मृदू करून घेतले तर फारसा त्रासही होत नाही. पटलात मात्र कॅल्शिअमचे आयन आत शिरून तेथेच साका धरतात. पटलाच्या आतील ही जखम धुऊन निघत नाही. म्हणून मोठ्या कारखान्यांत मिठवणीतील कॅल्शिअम व मॅग्नेशिअम मिळून अब्जात वीस भागांच्या खाली ठेवावे लागते. आपल्या विहिरीच्या पाण्यात ते याच्या हजारो पट असते.

मीठही निर्दोष नसते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. ते सोडिअम क्लोराइडला सुटत नाही, त्यातील मॅग्नेशिअम क्लोराइडला सुटते. म्हणजे ज्या मिठाला पाणी सुटते ते पटलाचे शत्रू आहे, अशी एक घरगुती परीक्षा सांगता येईल. खाण्यासाठी आयोडीन घातलेले मीठही येथे चालत नाही. ते शरीराला हितकर असले तरी पटलात साचते. समुद्री मिठातील ब्रोमाइडपासून ब्रोमेट हे अनिष्ट द्रव्य औषधात उतरते, तेव्हा मिठाची निवड दोन्ही रीतींत जपूनच करावी लागते. मिठवणी शुद्ध करण्यासाठी प्रथम सोडा घालून क्षार खाली बसवावयाचे, मग गाळावयाचे, आणि शेवटी आयनविनिमय करणाऱ्या राळेच्या थरातून न्यावयाचे. ‘निवळणे’ हे जुने काम येथे पुन्हा करावे लागते, फक्त ते पिण्याच्या पाण्याऐवजी औषधाच्या कच्च्या मालावर.

विजेची गोष्ट आणखी वेगळी. परतूरकडे भारनियमन व खंडित पुरवठा हे नवे शब्द नाहीत. पटलाचे यंत्र वारंवार बंद-चालू झालेले त्याला मानवत नाही. प्रवाह थांबताच काही काळ उलटा प्रवाह वाहून अग्रांवरील लेप व पटल यांना इजा होऊ शकते, आणि म्हणून तेथे सतत लक्ष ठेवणारा शिकलेला माणूस लागतो. बिनपटलाचे यंत्र वीज असेल तेव्हा चालवून दोन दिवसांचे द्रावण टाकीत भरून ठेवले तरी भागते. हायपोक्लोराइट जितके तीव्र तितके लवकर मोडते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की मोडण्याचा वेग तीन ते चार पटींनी वाढतो. शेकडा बाराचे द्रावण वैशाखातील उन्हात काही आठवड्यांत निस्तेज होईल, शिवाय त्यात क्लोरेट वाढेल. शेकडा पाऊण-एकचे सौम्य द्रावण मात्र पुष्कळ अधिक टिकून राहते. तीव्र औषध करण्याचा पटलाचा गुण साठवणीत असा अवगुण ठरतो. ते रोजचे रोज करून रोजच वापरले पाहिजे.

तेव्हा लेखकाचे मत असे की, ग्रिडसारख्या योजनेच्या मुख्य जलशुद्धीकरण केंद्रावर, जेथे रसायनतज्ज्ञ, प्रयोगशाळा व भरवशाची वीज आहे आणि औषधाचा खप मोठा आहे, तेथे पटलाची रीत योग्य होय. एकेकट्या गावाला तिचा आग्रह धरू नये. तेथे बिनपटलाचे लहान यंत्र, मृदू पाण्याची सोय व झाकलेली टाकी एवढे पुरे. जेथे तेवढीही वीज नाही तेथे पोते राहीलच. मग निदान त्यातील उपलब्ध क्लोरीन वरचेवर तपासावा आणि मात्रा वजनावर न ठरविता तेजावर ठरवावी. यंत्र विकणारे याच्या उलट सल्ला देतील, कारण महाग यंत्र विकणे त्यांना सोयीचे असते.

दोन्ही रीतींत हायड्रोजन निघतो, किलोभर क्लोरीनमागे सुमारे २८ ग्रॅम. वजनाने क्षुल्लक, पण आकाराने तो तीनशे लिटरांहून अधिक भरतो, आणि हवेत शेकडा ४ ते ७५ या प्रमाणात मिसळला तर ठिणगीने भडकतो. यंत्राची खोली बंदिस्त नसावी, वायू छपराच्या वर नेऊन सोडावा व तेथे कोणी विडी ओढू नये, हे भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिणे अगत्याचे आहे. कंपनीकडून येणाऱ्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात व ज्याने त्या वाचावयाच्या त्याला त्या वाचता येत नाहीत.

औषध पोत्यातील असो, नळकांड्यातील असो वा मिठवणीतून काढलेले असो, त्याने काम केले की नाही हे ते ज्या ठिकाणी टाकले तेथे कळत नाही. क्लोरीन मिसळल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा लागतो, आणि शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा लागतो. साथीच्या दिवसांत ०.५. उरलेल्या या भागाला ग्रंथांत ‘अवशिष्ट क्लोरीन’ म्हणतात. ‘शिल्लक क्लोरीन’ म्हटले तर जलसुरक्षकाला अधिक लवकर कळेल. ज्या खात्यात शिल्लक नाही त्यावर हुंडी वटत नाही, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. गावोगाव रूढ असलेल्या ओटी परीक्षेत नळीतल्या पाण्यात थेंब टाकताच शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो व शेजारच्या रंगांशी तो ताडून पाहतात. आज अनेक ठिकाणी तिच्याऐवजी गुलाबी रंग देणारी डीपीडी परीक्षा आली आहे, कारण पहिल्या परीक्षेतील द्रव्य आरोग्याला घातक असल्याचा संशय आहे. नमुना घ्यावयाचा तो टाकीखालच्या नळाचा न घेता गावाच्या टोकाला, जेथे पाणी सर्वांत उशिरा पोहोचते, त्या नळाचा घ्यावा.